कावीळ उतरवणारी मावशी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर लिहिणं सुटलं ते सुटलंच. पण माझ्या मावससासूएवढं दुसऱ्याला दमवणारं माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात नसेल, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मावशी कावीळ उतरवायच्या. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायच्या. माळ सैल होत, लांबत गळ्यात यायची, आणि पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. पैसे घ्यायच्या नाहीत, घेतले तर गुण जातो म्हणे. मात्र रोग्याच्या घरात शिरून तेलाची बरणी फळीवर चढवायच्या आणि घरच्यांनाच झापायच्या. एकदा एसटीच्या कंडक्टरचे डोळे पिवळे दिसले, तर भर गर्दीत त्याला माळ घातली, वर तो नको म्हणत असताना तिकीटही हट्टानं काढलं. मला चारचौघांत बोलायची भीती, तर माझ्या वाट्याचंही त्याच बोलायच्या. त्या आपल्या गावी परतल्या की मी दार लावून नुसती बसून राहायची.

मग त्यांचेच डोळे पिवळे झाले. अंग खाजायचं, बरगडीखाली कळा यायच्या, थंडी वाजून ताप भरायचा. त्यांनी स्वतःलाच माळ घातली. माळ पोटापर्यंत आली आणि मावशी हळदीसारख्या झाल्या.

“माळ बराबर उतरली गं,” म्हणाल्या, “कावीळच ऐकून न्हाई राह्यली.”

त्यांना मूलबाळ नाही. ब्लाऊज शिवून साठवलेले पैसे घेतले आणि मीच त्यांना औरंगाबादला नेलं. डॉक्टर म्हणाले, “पित्ताच्या नळीत खडे अडकलेत. उशीर केला तर जीव जाईल. तोंडातून दुर्बिणीची नळी घालून खडे काढू, पोट फाडायचं नाही.”

“फाडल्याबिगर खडा निघतो? आन् लोक मलाच खुळी म्हणतेत!”

नर्सनं माळ काढायला सांगितलं. मावशी हटून बसल्या. “कावीळ उतरायच्या आधी काढली तर माणूस हातचं जातं. मी न्हाई आत जात.”

नर्स माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, “मावशी, द्या इकडं. मी घालते माझ्या गळ्यात.”

त्यांनी मुकाट्यानं दिली. त्या आत, आणि मी बाहेर बाकड्यावर माळ घालून बसले. येणारं-जाणारं विचारायचं, “ताई, कधीपासून आहे कावीळ?” मी मान खाली घालायची.

खडे निघाले. शुद्धीवर आल्याबरोबर मावशींनी पोट चाचपलं. “टाका कुठंय? टाकाच न्हाई, मंग एवढा खर्चा कशाचा?”

माळ त्या अजून देतात, पण आधी सोनोग्राफी करून ये म्हणून दटावतात. पैसे आजही घेत नाहीत. माझे पैसे त्यांनी कापूस वेचून फेडले. दर बाजारच्या दिवशी यायच्या, पदराची गाठ सोडून नोटा शिलाई मशीनवर ठेवायच्या, चहा प्यायच्या आणि दिवस मावळेपर्यंत बोलायच्या. माझं डोकं दुखायचं.

गेल्या बाजारी शेवटच्या नोटा ठेवल्या. “फिटलं बघ समदं. आता माझी कटकट न्हाई तुला.”

मी नोटा दोनदा मोजल्या. बराबर होत्या. थोड्या कमी भरल्या असत्या तर बरं झालं असतं.