शून्य तपासणारी कुंदामावशी

बंद केलेल्या वायरीवर कुंदामावशीचा कधीच विश्वास नसायचा. वीज तपासायच्या मल्टिमीटरच्या लीड, म्हणजे त्याच्या दोन तारा, ती आधी चालू पॉइंटला लावून आकडा पाहायची, मग बंद वायर तपासायची, आणि तिथे शून्य आलं तरी परत चालू पॉइंटकडे यायची. अमरावतीच्या आयटीआयमध्ये तिने जन्मभर पोरांना वायरिंग शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अकोल्यात माझ्या शेजारी राहायला आली. तिला कुणी नव्हतं, मलाही नव्हतं. चहा एकत्र, भांडणंही एकत्र.

"झिरोवर भरोसा ठेवू नोको वं," ती म्हणायची. "करंट नसला तरी झिरो, अन् मीटर मेलं तरी झिरोच. दोघाईचं थोबाड सारखं." मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात तिच्या धाकट्या भावाने असंच शून्य पाहून मोटारीच्या स्टार्टरमध्ये हात घातला होता. हे ती एकदाच बोलली. मी परत विचारलं नाही.

एका मे महिन्यात भर दुपारी माझा कूलर बंद पडला. मी बटण बंद केलं. तिने फ्रिजच्या बोर्डावरचा पॉइंट तपासला, आकडा बरोबर. कूलरच्या वायरीवर शून्य.

"झालं ना आता? उकडून मरायची वेळ आली!" मी ओरडले.

"मराचं असन तं उकडून मर, करंटनं नोको," म्हणत ती परत फ्रिजकडे गेली. तिथेही शून्य! फ्रिज तर घरघरत होता. मीटरची लीड मधल्या मध्ये आतून तुटली होती. दुसरी लीड लावली तर 'बंद' वायरीत पूर्ण दोनशे तीस व्होल्ट. बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं, म्हणून ते बंद केलं तरी करंट येतच होता. तिने मेन बंद केला आणि फरशीवर बसून हमसून हमसून रडली.

या वर्षी तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्याने घरी पाठवलं, त्याचा अर्थ दोघींनाही कळला होता. तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघत मी दिवस काढत होते. एकदा आकडा जाऊन नुसत्या रेघा आल्या. मी किंचाळलेच.

तिने डोळे उघडले. "काहून कल्ला करून राहिली? आधी तुया बोटाले लाव. मग माया. मग परत तुया."

तिचं बोट गार पडलं होतं, एवढंच. चोळल्यावर आकडा आला. असंच चोळत राहिले तर ती राहील, असं मला वेडीला वाटलं.

शुक्रवारी दुपारी परत रेघा आल्या. हाका मारल्या, ती बोलली नाही. डॉक्टर यायला निघाले होते. माझ्या बोटाला लावलं, आकडा आला. तिच्या बोटाला लावलं, रेघा. बोट चोळलं, दुसरं बोट घेतलं, पुन्हा रेघा. देवा, हे मीटर मेलेलं निघू दे, एवढंच मी मागत होते. तिने शिकवलेलं शेवटचं तेवढं राहिलं होतं आणि हात धजत नव्हता.

मी ते परत माझ्या बोटाला लावलं. आकडा लगेच आला.