हात चालू ठेवा

"हात चालू ठेवा गं, तोंड आपोआप चालेल," असं म्हणत बाई मेथीची जुडी सतरंजीवर सोडायच्या. कोपरीतला त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास असाच सुरू व्हायचा. आम्ही सगळ्या चाळिशीच्या आसपासच्या बायका. मेथी निवडत निवडत इंग्रजी बोलायचं, हीच त्यांची पद्धत. बाईंची भाजी फुकटात निवडून होते, असं आम्ही कुजबुजायचो. त्यांना ते ऐकू जायचं. "मग? उद्या गवार आहे," म्हणायच्या.

मला डोंबिवलीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनिस्टची नोकरी हवी होती. नवरा गेल्यापासून मी भावाकडे राहत होते. भाऊ चांगला आहे हो, पण तुम्हालाही ठाऊक असेल, दुसऱ्याच्या घरात चहासुद्धा विचारून करावा लागतो. मला माझं घर हवं होतं. आणि इंग्रजीत कोणी काही विचारलं की माझी दातखीळ बसायची.

एक दिवस बाईंनी 'वुड' शिकवायला घेतलं. "आपण करायचो, जायचो म्हणतो ना? जे नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, ते वुड लावून सांगा. नियम पाठ करू नका. माणूस आठवा." मग माझ्याकडे वळल्या. "तुझे बाबा घरी आले की काय करायचे?"

बाबा मानपाड्याजवळच्या कारखान्यात होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी मान खाली घालून मेथी खुडत राहिले. "माय फादर वुड... ही वुड सिंग इन द बाथरूम. व्हेरी बॅड."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग रडू आवरेना. बाईंनी पदराने माझे डोळे पुसले. "रड खुशाल, पण पुढचं वाक्य सांग. आई काय म्हणायची?"

मी सांगितलं. इंग्रजीतच.

मुलाखतीला निघाले तेव्हा बाईंनी माझ्या पर्समध्ये मेथीची एक काडी टाकली. टेबलाखाली ती चुरगाळत मी सगळी उत्तरं दिली. आज माझं भाड्याचं का होईना, घर आहे.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. फार आठवण येते.

परवा आमच्या काउंटरवर एक नवी मुलगी लागली. इंग्रजीत फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देते. "ताई, मला नाय जमणार. मी सोडते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापुढे मटारच्या शेंगा ओतल्या.

"हे काय?"

"सोलत राहा. आधी मी बोलते, मग तू," म्हटलं, आणि सुरुवात केली, "अवर टीचर वुड..."

तिने हसत पहिली शेंग उचलली.