नाव न घेतलेली संक्रांत

इथे आखातात, माबेल्यात आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक जोडपं राहायचं. तो बायकोला मारायचा. पट्टा, लाटणं, हाताला येईल ते. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. म्हणायचे, "त्यांच्या घरातली बाब आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?" मला दोघांचाही संताप यायचा.

मंगळवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बौशरहून एक डच आजी स्वतः गाडी चालवत माझ्याकडे यायच्या आणि आम्हा बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. मुलाच्या नोकरीमुळे म्हातारपणी इथे आल्या होत्या. तरुणपणी त्यांनी आपल्या देशात मैत्रिणींच्या मदतीने एका रिकाम्या घराचं कुलूप फोडून तिथे मार खाणाऱ्या बायकांना आसरा दिला होता. नवरे कुऱ्हाडी घेऊन दारात यायचे, तेव्हा या पुढे उभ्या राहायच्या. भुवईवरचा व्रण तेव्हाचाच.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आजींनाही बोलावलं. वरची आली ती लांब बाह्यांचं ब्लाउज घालून, ओठ फुटलेला. उखाण्याची पाळी तिच्यावर आली आणि ती गप्पच. "घे गं नाव, लाजतेस काय," बायकांनी घोशा लावला. आजींनी काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव यमकात घ्यायचं असतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी नाही घेणार त्याचं नाव."

तिला न्यायला आलेला नवरा दारातच उभा होता. चारचौघींत त्याचं नाक कापलं गेलं. त्याने आत घुसून तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात पडला, तिळगुळाच्या ताटात रक्त उडालं. बायका मांडीवर वाण घेऊन मूग गिळून बसलेल्या.

आजी उठल्या आणि दोघांच्या मध्ये शिरल्या. त्याने त्यांना भिरकावलं. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी ओट्यावरचा लोखंडी बत्ता आणला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो आडवा झाला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग मात्र सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघाले. गोऱ्या बाईला लागलं म्हटल्यावर आतल्या खोलीतून हे धावत आले, यांनीच पोलिसांना फोन लावला. पोलीस आले, त्याला घेऊन गेले.

इस्पितळात वरचीच्या तोंडाला टाके घालत होते, शेजारी आजींचा हात प्लास्टरमध्ये. मी त्यांच्यावर चिडले. "या वयात कशाला मध्ये पडलात? तो काय चीज आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं की," आजी म्हणाल्या. "पण तिच्यासाठी तुमच्यातल्या कोणी फोन केला नसता. माझ्यासाठी कराल, हेही ठाऊक होतं."

हे माझ्या मागेच उभे होते. यांना इंग्रजी चांगलं कळतं.