बोटांना लागलेलं कूट

"तुमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे," जालन्याचे डॉक्टर म्हणाले, आणि मला हसू आलं. खरंच आलं. परतूरच्या मोंढ्याजवळ, शेतमालाच्या बाजारापाशी, मी दहा वर्षं खाणावळ चालवते. आमच्याकडं वांग्यात कूट, शेवग्यात कूट, ठेच्यात कूट, आणि उपास असला की कुटाशिवाय पान हलत नाही. शेंगदाण्यानं कुणाच्या जिवावर बेततं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रक्ताच्या आयजीई तपासणीचा कागद पुढं सरकवला. शरीर एखाद्या साध्या पदार्थाला शत्रू समजून बसतं, तेव्हा रक्तात जे वाढतं ते यात मोजतात. गौरीचं खूप वाढलेलं होतं.

गौरी तेव्हा अकरा वर्षांची. एकादशीला शेजारी दाण्याचा लाडू खाल्ला आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. त्यावरून आम्ही जालना गाठलं होतं. पण खरं सांगायचं तर लक्षणं फार आधीपासून होती. जेवताना ती म्हणायची, "मम्मी, घसा खाजून राह्यला." आणि मी म्हणायचे, "नाकानं कांदे सोलू नको. ताटात टाकायचं न्हाई, खाय गुमान." खाणावळवालीची पोर आणि जेवणाला नावं ठेवते, याचा मला राग यायचा. ती बिचारी रडत खायची. मी समोर बसून तिला विष खाऊ घालत होते.

डॉक्टरांनी ॲनाफिलॅक्सिस हा शब्द सांगितला. म्हणजे ॲलर्जी सगळ्या अंगात एकदम भडकते, घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब पडतो. "कूट बंद म्हणजे बिलकुल बंद. त्याच पळीला लागलेलंसुद्धा नाही. आणि श्वास लागला तर लिंबू, हळद करत बसू नका. सरळ दवाखाना. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत द्यावं लागतं, तेच जीव वाचवतं."

घरी येऊन मी गौरीचं पातेलं वेगळं केलं, पळी वेगळी, ताट वेगळं. खाणावळीची भाजी मोठ्या पातेल्यात शिजायची. कूट घालायच्या आधी तिच्यापुरती छोट्या पातेल्यात काढायची, आणि मग मोठ्यात कूट. माझ्या हाताखालच्या शांताबाईला मी दहा वेळा बजावलं. तिच्यावर माझा विश्वास नव्हता. स्वतःवर मात होता.

कापसाचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी दुपारी एकदम पंधरा-सोळा माणसं वाढली. रस्सा पुरेना, म्हणून मी त्यात गरम पाणी ओतलं आणि तो दाट व्हावा म्हणून वर मूठभर कूट टाकलं. आम्ही खाणावळवाल्या सगळ्या तसंच करतो.

गौरी शाळेतून आली, तिनं तिच्या पातेल्यातली भाजी तिच्या ताटात घेतली. चार घास झाले आणि ती खोकायला लागली. मग म्हणाली, "मम्मी, तसंच व्हायलं." आवाज घोगरा झाला होता.

कुणाच्या तरी मोटरसायकलवर मधे तिला धरून मी गावातल्याच दवाखान्यात गेले. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? मी शपथेवर सांगितलं, "तिच्या भाजीत कूट न्हाई. मी स्वतः केली." मग शांताबाईवर आग पाखडली. ती माझ्यामागोमाग धावत आली होती. ती म्हणाली, "ताई, म्या त्या पातेल्याला हातबी न्हाई लावला," आणि दारातच रडायला लागली.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा मला माझा हात दिसला. नखात कूट होतं.

मूठ मोठ्या पातेल्यात रिकामी केल्यावर बोटांना जे राहतं, ते आम्ही वाया घालवत नाही. अन्न आहे. जे पातेलं जवळ असेल त्यात बोटं झटकतो. माझ्या आईनं तसं केलं, मीही आयुष्यभर तसंच केलं. त्या दुपारी जवळ छोटं पातेलं होतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते हाताच्या सवयीलाही नाही.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. गौरी शुद्धीवर होती. मास्कच्या आतून तिनं विचारलं, "म्हंजी तूच टाकलंस?" मी हो म्हणाले.

ॲलर्जी काही तासांनी पुन्हा उलटू शकते, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. ती वाचली. त्या दवाखान्यात इंजेक्शन हाताशी होतं आणि डॉक्टरीणबाईंनी क्षणभर वेळ घालवला नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. शांताबाईची माफी मागितली. ती "जाऊ द्या ताई" म्हणाली, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी मोकळं बोलत नाही.

आता माझ्या खाणावळीत शेंगदाण्याचा दाणा नाही. रश्शाला खसखस-खोबरं लावते. चव गेली म्हणून निम्मी गिऱ्हाईकं तुटली. जी राहिली त्यांना मी वाढायच्या आधी विचारते, काही सोसत नाही का? लोक हसतात. खाणावळवाल्या बायांनो, आचाऱ्यांनो, हसू द्या. "कूट आहे का?" असं कुणी विचारलं तर भाजीकडं बघू नका, आधी आपल्या हाताकडं बघा.

हे सगळं मी केलं, पण उशिरा. गौरी आता माझ्या हातचं खात नाही. वेगळ्या शेगडीवर स्वतःची खिचडी करते, भाकरी थापते. भांडत नाही, टोमणे मारत नाही. मी ताट वाढलं की हळूच म्हणते, "राहू दे मम्मी, मी करते." बारा वर्षांची पोर ती. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्या हातचं जेवतात आणि माझ्या पोटची पोर जेवत नाही. हे दुःख मला कुठं ठेवावं कळत नाही.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. गौरीनं वरण-भात केला आणि माझ्या अंथरुणापाशी ताट आणून ठेवलं. मी उठून बसले आणि जेवले. त्यात काय घातलंय, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.