दसऱ्याची डिलिव्हरी

खानवेल सोडून दुधनीच्या रस्त्याला लागलं की चढ सुरू होतो, आणि त्या चढावर, ऐन शाळेच्या वेळेला, मंगलाबाई तोडणकरांची गाडी थांबली. धूर नाही, आवाज नाही. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, की मोटरमध्ये बिघाड आहे, सुरक्षित जागी थांबा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली धरणाचं पाणी. सुरक्षित जागा कुठली, तेही गाडीनेच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मंगलाबाई खाली उतरल्या, चाकामागे दगड लावला आणि मासळी न्यायला निघालेल्या एका टेम्पोत बसून शाळेत पोचल्या. दिवसभर साडीला माशांचा वास येत होता आणि चौथीची पोरं एकमेकांकडे बघून हसत होती.

बाई मूळच्या दापोलीकडच्या. नवरा रघुनाथराव सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून होता म्हणून त्या इकडे आल्या आणि त्यांना नोकरी मिळाली ती थेट दुधनीच्या मराठी शाळेत. तेव्हापासून जाणंयेणं जीपने. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि भरली कधी हे ड्रायव्हर ठरवणार. तुम्हाला आम्हाला ती भरलेली वाटते, त्याला अजून चार जण दिसत असतात. बाईंनी अर्ध्या सीटवर बसून, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या घेऊन बहुतेक नोकरी काढली. संध्याकाळी जीप मिळेल तेव्हा घर. एखादं मूल वाचनात मागे पडलं तर त्याला घेऊन शाळा सुटल्यावर बसावं म्हटलं, तरी शेवटची जीप निघून जायची.

बावन्नाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायला घेतली. तो क्लच मात्र त्यांना काही केल्या जमेना. शिकवणारा कपाळाला हात लावून बसायचा. मग कुणीतरी सांगितलं, विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, पाय दाबला की पुढे जाते. बाईंनी ती चालवून पाहिली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की सेल्समनने पुढचं बोलणंच सोडून दिलं. त्या गाडीने बाईंना काय दिलं, हे फक्त बाईंना ठाऊक. सकाळी आपल्या वेळेला निघायचं, खानवेलला उतरून एक चहा, आणि संध्याकाळी मागे पडलेल्या पोरीचा धडा संपेपर्यंत खुशाल बसायचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणासाठी थांबावं लागत नव्हतं.

तर ही गाडी थांबली. तशी तिने आधी सूचना दिली होती. गणपतीच्या आधी चढावर एक बारीक किणकिण ऐकू यायला लागली होती. बाईंनी घरी सांगितलं. रघुनाथराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वॉरंटी दसऱ्यापर्यंत आहे. गणपती होऊ दे, मग दाखवू." बाईंना ते पटलं. दसऱ्याला गाडी घरी आली होती, तिला हार घातला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती, फोटोसुद्धा होते. तीन वर्षं म्हणजे दसरा ते दसरा. दोघं गावी गणपतीला जाऊन आले आणि पितृपक्ष लागून जेमतेम काही दिवस होतात तो हे असं झालं.

गाडी ओढून वापीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे नवनाथ नावाचा एक मुलगा काउंटरला होता, मूळचा चाळीसगावकडचा. त्याने नंबर टाकला, पडदा पाहिला आणि मान हलवली.

"मॅडम, वॉरंटी गेल्या हप्त्यातच संपली."

"दसरा अजून आला नाहीये," बाई म्हणाल्या.

"दसरा नाही ना मॅडम, बिलाची तारीख. बिल झालं त्या दिवसापासून तीन वर्षं. बॅटरीला आठ आहेत, मोटरला तीनच."

बिल झालं होतं पितृपक्षाच्या आधी. पितरांच्या पंधरवड्यात पैसे मोजायचे नाहीत, म्हणून रघुनाथरावांनी घाईघाईने अगोदरच सगळं भरून टाकलं. आणि गाडी घरी आणायची ती साडेतीन मुहूर्तांपैकीच एकावर, म्हणून दसऱ्यापर्यंत ती शोरूमच्या यार्डात उभी राहिली. त्या वेळी बाईंना केवढं कौतुक वाटलं होतं. एरवी कशात लक्ष न घालणारा हा माणूस आपल्या गाडीसाठी पंचांग बघतोय, म्हणून त्यांनी शेजारीपाजारी सांगितलंही होतं. इथे आता कळलं, की गाडी यार्डात उन्हात उभी होती आणि वॉरंटी मात्र रोज धावत होती.

"किती येईल खर्च?" बाईंनी विचारलं.

नवनाथने आकडा सांगितला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार, कर वेगळा.

"अरे, किणकिण होती. एखादं बेअरिंग गेलं असेल."

"बेअरिंगच गेलंय. पण मॅडम, कंपनी मोटर उघडायला देतच नाही. पूर्ण युनिट बदलायचं."

म्हणजे चष्म्याची काडी मोडली तर डोळा बदला, असा प्रकार. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नवनाथवर ओरडून उपयोग नव्हता. पुढचे आठ-दहा दिवस त्या कंपनीच्या फोनवर होत्या. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग सनई. सनई संपली की एक मुलगी गोड आवाजात सांगायची की तुमची अडचण आम्ही समजू शकतो. समजू शकता तर सोडवा ना. ते तिच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात होतं तो मीटिंगमध्ये होता, आणि ही मीटिंग काही संपायची नव्हती. शेवटी निरोप आला की आमची ग्राहक म्हणून सद्भावनेपोटी आपल्याला मजुरीत पाच टक्के सूट मंजूर केली आहे. बाईंनी तो निरोप दोनदा वाचला आणि फोन गादीवर फेकला.

खालच्या मजल्यावर समाधान राहायचा, धुळ्याकडचा, सायली गावातल्या एका पंख्याच्या कारखान्यात सुपरवायझर. तो मनाचा चांगला. सर्व्हिस सेंटरला सोबत येऊन मोटरभोवती एक फेरी मारून आला.

"ताई, आमच्याकडं मोटरी आम्ही रोज खोलतो. पन हिला हात लावला ना, तर उद्या बॅटरीवाले बी हात वर करतील. तुमची आठ वर्साची वॉरंटी जाईल. मी नाही लावत बा."

आता रघुनाथराव बोलू लागले. आधी कंपनीला शिव्या, मग सरकारला, मग एकूण विजेवर चालणाऱ्या सगळ्याच वस्तूंना. त्यात एकदाही 'माझं चुकलं' आलं नाही. एका संध्याकाळी ते फार समजूतदार आवाजात म्हणाले, "एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी आहे तशी विकून टाकू. तुझी दोनच वर्षं राहिली आहेत. जीप आहेच की. नाहीतर आधीच निवृत्ती घे."

बाई तेव्हा नुकत्याच जीपमधून उतरून आल्या होत्या. गुडघे सुजले होते. पंधरा दिवसांत त्यांना पुन्हा सगळं आठवलं होतं: जीपवाल्याची वाट बघणं, शाळा सुटताच घंटेबरोबर स्वतःही पळत सुटणं, आणि वाचनात मागे पडलेल्या चौथीतल्या सोनीला "उद्या बसू हं" म्हणणं, आणि तो उद्या कधी यायचा नव्हता. दुसरी गाडी घ्यावी तर तिला क्लच. क्लचशिवाय मिळते तीही पैशाला भारी. म्हणजे ही गाडी दुरुस्त झाली तरच बाईंचं हे आयुष्य राहणार होतं, नाहीतर नाही. इतकं ते सरळ होतं. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासू लागल्या.

निवृत्तीनंतर दोघांनी फिरायला जायचं म्हणून बाईंच्या नावावर एक ठेव होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी ती मोडली आणि बसने वापी गाठली. पैसे भरून घेताना नवनाथ ओशाळा झाला होता. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा मी डिलिव्हरीलाच होतो. गाडी पासिंग होऊन, नंबर लागून कधीची तयार होती. मी तुमच्या सरांना बोललो, घटस्थापनेला न्या, तो पण चांगलाच दिवस. तर बोलले, नको, दसराच. आणि मॅडमना सांगू नका गाडी तयार आहे म्हणून."

बाईंनी पावती घेतली आणि बसस्टँडवर येऊन बसल्या. बस सुटली तरी त्या बसूनच राहिल्या. हा माणूस मुहूर्तवाला नव्हताच. घरातला फ्रिज त्यांनी पितृपक्षात आणला होता, कारण तेव्हा दुकानदार सूट देत होता. घराची चावी अमावास्येला घेतली होती, कारण रविवार होता. बाईंनी हे सगळं स्वतः पाहिलं होतं. पण कुणी दसरा म्हटलं की आपल्यात पुढे कोण विचारतं?

घरी आल्यावर त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तुमच्या मनात दसरा नव्हताच ना?"

रघुनाथरावांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "नवनाथ फार बोलतो."

"काय होतं मनात?"

"मला वाटलं, महिनाभर गाडी समोर नसली तर तुझा उत्साह उतरेल. पैसे भरले ते तुला संशय येऊ नये म्हणून; मग तूच म्हणशील, थोडं नुकसान सोसून परत देऊन टाकू."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण वॉरंटीची तारीख तरी विचारली असती."

रघुनाथराव म्हणाले, "भीती वाटते मला त्या रस्त्याची. ती वळणं, खाली ते पाणी. तू घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून तर म्हटलं विकून टाकू."

"तीन वर्षांत तुम्ही एकदा तरी माझ्याबरोबर आलात?"

"तेवढी छाती नव्हती."

बाईंना दया यायला हवी होती. आलीही थोडी, पण राग तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. भीती यांची, आणि ती झाकायला दसरा. त्या दसऱ्याचं बिल आता आपण भरायचं. त्या रात्री त्या जेवल्या, झोपल्या आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मोटर यायला वेळ लागला. दसरा आला आणि गेला. एका शनिवारी गाडी तयार झाल्याचा फोन आला, तेव्हा रघुनाथराव न सांगता कपडे घालून दारात उभे राहिले. परतीच्या वाटेवर सिल्वासात घराचं वळण आलं. बाईंनी वळण घेतलं नाही.

"अगं, घर मागे राहिलं."

"माहीत आहे."

खानवेलपर्यंत ते ताठ बसले होते. चढ लागला तसा त्यांनी खिडकीवरचा दांडा धरला, पुढे दोन्ही हातांनी धरला. बाईंनी गाडी नेहमीसारखीच चालवली, ना हळू ना जोरात. वळणावर हॉर्न, समोरच्या डंपरला वाट, पुन्हा आपल्या बाजूला. दुधनीला शाळेच्या फाटकापाशी त्या थांबल्या. रघुनाथराव खाली उतरले, पाण्याकडे बघत काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे रोज करतेस तू?" बाई म्हणाल्या, "रोज." मग दोघांनी टपरीवर चहा घेतला.

परत निघाले तेव्हा बाईंनी ठरवलं होतं, की आता एकेक वळण यांना दाखवायचं. इथे कसं सांभाळावं लागतं, तिथे पावसात दगड कसे येतात, सगळं. एक लाख चौऱ्याऐंशी हजार मोजले आहेत, निदान बघा तरी. पहिलं वळण आलं. "हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं. खाली धरणाचं पाणी चमकत होतं, दांडा सुटला होता, आणि रघुनाथराव सीटला डोकं टेकून चक्क घोरत होते.

बाईंना इतका संताप आला की त्यांना कोपराने ढोसून उठवावंसं वाटलं. समोरून एक जीप आली, खच्चून भरलेली. त्यांनी तिला वाट दिली, नवऱ्याच्या बाजूची काच वर केली आणि उरलेली सगळी वळणं त्याला न उठवता उतरल्या.