तलवारीला तीन वारांची अट

माझ्या बायकोला ड्रॅगनने गिळलं, त्याला मी जबाबदार आहे. आठ महिने त्याचा आळ मी आमच्या नातीवर, सईवर राहू दिला. आता माझं वय पंचाहत्तर. खरं काय ते लिहून मोकळा होतो.

सई कॉलेजात शिकते. दर रविवारी कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिची मित्रमंडळी जमायची आणि टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायची. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सईने गोष्ट सांगायची, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. (फासा उल्हासनगरचा. दुकानदाराने 'इम्पोर्टेड है, साईं' अशी शपथ घेतलेली.) आमची ही एकदा त्यांना चहा द्यायला गेली ती तिथेच बसली आणि रुद्राणी नावाची योद्धा झाली. दीड वर्ष रुद्राणी लढली. मला रविवारचा चहा मिळेनासा झाला, पण राज्य सुरक्षित होतं.

हिच्या वाढदिवसाला सईने एका कादंबरीतली जादूची तलवार खेळात आणायचं ठरवलं. कादंबरीत तलवार काहीही करू शकते. खेळात मात्र तिचा वार किती लागतो, दिवसातून किती वेळा पेटते, सगळं कागदावर मांडावं लागतं. आणि नियम असा, की कागदावर असेल ते अंतिम. तो कागद मला डायनिंग टेबलावर दिसला. त्यावर लिहिलं होतं, 'धार कधीही जात नाही.'

आता, मी अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होतो. धार न जाणारं पोलाद माझ्या हाताखालून पुढे जाईल? मी सईच्या अक्षरात अक्षर मिळवून खाली एक ओळ घातली : 'तीन वारांनंतर धार लावणे आवश्यक, अन्यथा पाते तुटेल.' मनाला फार बरं वाटलं.

रविवारी ड्रॅगन आला. हिने तीन वार केले. चौथ्याला फाशावर वीस पडले, म्हणजे सगळ्यात जबर वार, सगळे उभे राहिले आणि सईने कागद वाचला. पातं तुटलं. रुद्राणी ड्रॅगनच्या पोटात!

"आजीला तिच्याच बर्थडेला मारलंस, यार," एकजण सईला म्हणाला.

"पण मी हे कधी लिहिलं?"

मी पेपरात तोंड घातलं. सईने फासे डब्यात भरले आणि खेळ बंद झाला. हिने अंबरनाथला बहिणीला फोनवर सांगितलं, की रुद्राणी गेली. मेहुणी, कोण रुद्राणी हे न विचारता, पांढरी साडी नेसून पिठलं-भाकरी घेऊन हजर! दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. (मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ही वेगळी कबुली.)

शेवटी गेल्या आठवड्यात, चहाच्या वेळी, मी सगळं सांगून टाकलं.

सई बिस्कीट बुडवत राहिली. हिने कपाटातून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्या ओळीखाली, चौतीस वर्षांच्या सवयीने, बरोबरची खूण होती. शेजारी माझी सही.

"आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आबा," सई म्हणाली. "तुम्ही कबूल करेपर्यंत खेळायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं."

"मला वाटलं होतं, आठवडाभरात बोलाल," ही म्हणाली.

या रविवारी खेळ पुन्हा सुरू झाला. हिची नवी योद्धा आहे, नवी तलवार आहे, आणि शिक्षा म्हणून मी तिचा घोडा आहे. घोड्याने ओझं वाहायचं, मध्ये बोलायचं नाही आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. पहिल्या दोन अटींची मला बावन्न वर्षांची सवय आहे.