लुकासचं मुंडण

हातातला कप आधी खाली ठेवा, कारण हे ऐकून माझ्या मेहुण्याने चहा अंगावर सांडला होता. मी एकदा एका चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला मारलं. तेही अमेरिकेत. नुसत्या तोंडाने!

२००४ च्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा ॲरिझोनात, चँडलरला. आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये लुकास नावाचा जर्मन पोरगा राहायचा. काम काय? पोहणं! त्यातही बटरफ्लाय. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून झेप घ्यायची, लगेच पुढची झेप. मी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस, मला बघूनच धाप लागायची. तिथल्या एका कोचसाठी घरदार सोडून आला होता बिचारा. केस खांद्यापर्यंत, दाढी साधूसारखी.

आणि एका शुक्रवारी तो जिन्यात दिसला. डोकं सफाचट! दाढी गायब, हातापायांवरसुद्धा एक केस नाही! माझ्या हातातला दुधाचा कॅनच सुटला.

आता सांगा, आपल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? त्यात त्याच्या वडिलांची बायपास झालेली मला माहीत होती.

"लुकास... कधी?" मी हळूच विचारलं.

"रविवारी," तो म्हणाला. "मग सगळं संपलं. झोपच लागत नाही रे." डोळे भरलेले.

घरी येऊन बायकोला, स्मिताला सांगितलं. "लुकासचे वडील गेले. रविवारी अंत्यविधी."

"मग हा अजून इथे कसा?"

"तिकीट मिळत नसेल गं!"

बायकोने लगेच पिठलं-भात टाकला. दुःखाच्या घरी दुसरं काय नेणार? मी पांढरा झब्बा चढवला आणि आम्ही त्याची बेल वाजवली. त्याने गोंधळून पातेलं घेतलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धर. वडिलांचं कळलं आम्हाला."

"काय कळलं?"

"ही इज नो मोअर," मी म्हणालो.

पोरगा मटकन खाली बसला. "कोणी सांगितलं? ते तर विमानात आहेत!"

विमानात? अरे देवा, म्हणजे इकडे आणतायत!

"मग बॉडी कधी पोचतेय?" मी विचारलं.

हो! असं विचारलं मी! त्याने जो हंबरडा फोडला, तो आठवला की अजून काटा येतो. वडिलांचा फोन लावतोय, बंद. परत लावतोय, परत बंद. "पहिल्यांदाच माझी रेस बघायला येत होते. माझी शेवटची रेस! रविवारनंतर मी पोहणं सोडतोय!"

"रेस?" स्मिता म्हणाली. "मग हे डोकं?"

"शेव्ह केलंय! मोठ्या रेसआधी सगळेच स्विमर्स करतात, पाण्यात सपकन जाता यावं म्हणून!"

"लुकास, मला कोणीच काही सांगितलं नाही यार. मी तुझं डोकं बघून..." पण तो ऐकतोय कुठे? फोन दोनदा त्याच्या हातातून खाली पडला. ह्या हातांनी हा परवा बटरफ्लाय मारणार? त्याची इतक्या वर्षांची मेहनत मी एका पातेल्यात बुडवली होती.

तेवढ्यात मागून हाक आली. "लुकास?"

जिन्यापाशी बॅग घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे. त्याचे वडील! साक्षात! फोन बहुतेक विमानातून उतरल्यावर चालू करायचा राहिला होता.

सगळ्यांत मोठ्याने किंचाळलो मी.

लुकासने त्यांना असं आवळलं की बॅग पायऱ्यांवरून गडगडत गेली. मग माझ्याकडे बोट दाखवून त्याने जर्मनमध्ये सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने माझा झब्बा बघितला, पातेलं बघितलं, आणि जे हसायला लागला! हसता हसता छातीवर हात ठेवला. झालं! मला वाटलं, आता खरंच जातात!

गेले नाहीत. आत बसून स्वतःच्याच दुखवट्याचं पिठलं दोनदा मागून घेतलं.

रविवारी लुकास तिसरा आला. आजवरचा त्याचा सगळ्यात चांगला टाइम. म्हणाला, "शुक्रवारनंतर भीती वाटायची राहिलीच नव्हती." आम्हीही रेस बघायला गेलो होतो, आणि त्याचे वडील शेजारी बसलेल्या प्रत्येकाला माझी ओळख करून देत होते: "ह्यानेच मला मारलं!"

अजून दर नाताळात त्यांचं कार्ड येतं. आत एवढंच लिहिलेलं असतं, 'मी अजून आहे.' स्मिता ते फ्रिजवर लावते. आणि कोणाच्या घरी दुखवट्याला जायची वेळ आली, की मला त्या कार्डासमोर उभं करून म्हणते, "तिथे तू गाडीतच बस. आधी मी विचारून येते."